अण्णांचा कौल

नव्या ससाणा गाडीचा फोटो कंपनीने सकाळी जगजाहीर केला आणि दुपारच्या जेवणापर्यंत कोल्हापूरने त्याचं बारसं उरकलंसुद्धा. कुणी नकटी म्हणालं, कुणी कोंबडी, कुणी उपडी कढई. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण फोटोखाली डकवून चांगले शिकलेसवरलेले लोक आपणच ती शोधून काढल्यासारखे हसत होते. एकाने फोटोत गाडीच्या तोंडाला पट्टी बांधली, दुसऱ्याने शेंबूड रंगवला. चाहता ही जमातच अशी असते. परक्याने नाव ठेवलं तर अंगावर धावून जाते आणि घरात नवी सून आली की पहिल्यांदा तिचं नाक बघते.

मूळचा ससाणा म्हणजे दोन माणसांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, लांब झुकत्या नाकाची पळणारी गाडी. कोल्हापूरच्याच एका हौशी फाउंड्रीवाल्याने ती पन्नास-साठ वर्षांपूर्वी बनवली आणि त्या हौसेपायी कारखाना घालवला. मागे राहिल्या थोड्या गाड्या आणि त्यांच्यावर जीव टाकणारं ससाणा मंडळ. आता एका मोठ्या कंपनीने ते नाव विकत घेतलं होतं आणि ससाणा विजेवर धावणार होता. पुढे इंजिनच नाही म्हटल्यावर लांब नाकाचं कामच उरलं नव्हतं. शिवाय धडक बसलीच तर पायी चालणाऱ्याच्या गुडघ्यांचा भुगा होऊ नये म्हणून आखूड, मऊ तोंड कायद्यानेच सक्तीचं केलं होतं. जुनं नाक हवंच असेल तर गाडी फक्त खासगी मैदानात पळवायची, अशी सवलत होती. हे सगळं मंडळाला पाठ होतं. पण माहीत असण्याचा आणि चिडण्याचा काही संबंध नसतो.

शाहूपुरीतल्या चौगुल्यांच्या घरी थोरला मुलगा धैर्यशील वडिलांना ही करमणूक मोठ्याने वाचून दाखवत होता.

"अण्णा, ह्ये ऐका. रंगाकाकांनी टाकलंय. 'गाडीला शिंक आली आणि तोंड तसंच राहिलं!'"

खिडकीजवळच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले, "भंगार."

"बघ इरा! निकाल लागला." धैर्यशील मांडीवर थाप मारून हसला.

त्याची धाकटी बहीण इरावती चाकणच्या नोकरीवरून दोन दिवसांच्या रजेवर आली होती. ती उठली आणि अण्णांना पाण्याचा पेला नेऊन दिला, कारण अण्णांनी पाणी मागितलं होतं. धैर्यशीलला तेही ठाऊक होतं. पण हसायला मिळालेलं कोण सोडतो!

विश्वासराव चौगुले, म्हणजे अण्णा, हे ससाणा मंडळाचे संस्थापक आणि अध्यक्ष. त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. कुणी बनावट माल आणला की हातात घेऊन ते एकच शब्द म्हणत, भंगार, आणि माल रस्त्यावर. पुढे तोच शब्द त्यांनी बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला लावला. मंडळ त्या शब्दाला देवाच्या वाक्यासारखं मानायचं. मग गेल्या वर्षी अण्णांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवं अंग गेलं आणि डाव्या मेंदूतली बोलण्याची जागा जळून गेली. डॉक्टरांनी सांगितलं की अशा माणसाकडे कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो, आयुष्यभर वापरून गुळगुळीत झालेला. मनात काहीही असलं तरी तोंडातून तोच येतो. डोकं शाबूत असतं, माणूस आत पूर्ण जागा असतो, फक्त बाहेर यायला तेवढं एकच दार असतं.

अण्णांचं दार भंगार होतं. चहा हवा, भंगार. पाठ खाजव, भंगार. नको असेल तेव्हा मात्र ते गप्प होत, ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवत. घरातल्यांना हे महिन्याभरात समजलं. मंडळाला मात्र धैर्यशीलने कळू दिलं नाही. "अण्णांचं बोलणं जरा कमी झालंय," एवढंच तो सांगायचा. अध्यक्षांची खुर्ची त्याला बापाच्या पगडीसारखी वाटायची.

त्या शब्दाला घरात आणखी एक अर्थ होता. इरावती लहान असताना दुकानातले मोडके दिवे, स्प्रिंगा, बेअरिंगं गोळा करून खोक्यांवर ससाण्याची चित्रं काढत बसायची. तिच्या ससाण्याचे दिवे नेहमी अर्धवट मिटलेले, जेवून सुस्तावल्यासारखे. अण्णा तिला 'माझं भंगार' म्हणायचे. चारचौघांत कधीच नाही, फक्त शटर ओढल्यावर.

इरावती त्याच मोठ्या कंपनीत होती आणि नव्या ससाण्याचं रूप तिनेच घडवलं होतं. कौल लागेपर्यंत आपलं नाव कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगायचं नाही, अशी तिने कंपनीला सही करून दिली होती. तीन वर्षं तिने त्या गाडीवर घालवली ती एकाच माणसासाठी. बाकी जग थुंकलं तरी चालेल, पण अण्णांनी एकदा त्या गाडीवर हात ठेवावा आणि ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि गाडी जगणार की मरणार हेही अण्णांच्याच हातात होतं, कारण मध्ये कौल होता.

देवळात मूर्तीला फूल लावून कौल मागतात. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. कंपनीच्या डॉ. निहार दांडेकरांनी आपल्या यंत्राला तेच नाव दिलं होतं. यंत्र म्हणजे कपाळाला बांधायची एक पातळ पट्टी. एखादी वस्तू आवडली की नाही हे माणसाच्या मेंदूत शब्द तयार होण्याआधीच ठरलेलं असतं. त्या क्षणी मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते, रक्ताचा ओघ किंचित बदलतो, आणि पट्टी ते कपाळावरूनच टिपते. शब्द खोटे असू शकतात. विशेषतः चाहत्यांचे, कारण मित्रांसमोर नवी गाडी आवडली असं कबूल करणं म्हणजे इज्जत घालवणं. लाट खोटी नसते. म्हणून कंपनी मंडळाचं बोलणं ऐकायची नाही, कौल घ्यायची, आणि कौल नापसंतीचा पडला तर ते रूप रद्द करायची.

पण त्यात एक अडचण होती. प्रत्येकाची लाट वेगळी असते. एकाचा आनंद दुसऱ्याच्या भीतीसारखा दिसतो. त्यामुळे पट्टीला आधी त्या माणसाचा सूर लावून घ्यावा लागतो. त्याला शेकडो चित्रं दाखवायची, कसं वाटलं ते तोंडाने सांगायला लावायचं, आणि कुठल्या लाटेबरोबर कुठला शब्द आला याची गाठ यंत्र मारून ठेवतं. आनंद म्हणजे काय हे यंत्राला ठाऊक नसतं. त्याला फक्त गाठ ठाऊक असते.

अण्णांचा मेंदू आजारात बदलला होता. जुना सूर निकामी झाला, म्हणून कंपनीचा तंत्रज्ञ घरी येऊन नवा लावून गेला. नातेवाइकांनी शिकवू नये म्हणून त्यांना खोलीबाहेर काढण्यात आलं, आणि एकच शब्द उरल्याचं धैर्यशीलने त्यालाही सांगितलं नव्हतं. तंत्रज्ञाने जिलेबी दाखवली. अण्णा म्हणाले, भंगार. जुना लाल ससाणा दाखवला, भंगार. वारलेल्या बायकोचा फोटो आला तेव्हा अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते म्हणाले, भंगार. तंत्रज्ञाने अण्णांची सगळी जुनी भाषणं ऐकली होती. म्हातारा आजारपणानंतर जास्तच कडक झालाय, असं समजून त्याने पुढे नापसंत भरलं. मग तुंबलेल्या गटाराचं चित्र आलं, कुजक्या फळांचं आलं, ससाण्याच्या स्वस्त नकलेचं आलं. अण्णा ओठ मिटून भिंतीकडे बघत राहिले. गप्प बसण्यापुढे काय भरायचं, म्हणून त्याने दांडेकरांना फोन केला. ते घाईत होते.

"मौनं संमतिलक्षणम्," ते हसून म्हणाले. "पसंत लिहा आणि निघा."

कौल शिरोलीजवळच्या माळावर, कंपनीच्या मैदानात होता. मंडप, नाश्ता, रांगेत लावलेले जुने ससाणे, लांब नाकं चकचकीत पुसलेली. मंडळाचे उपाध्यक्ष रंगराव सरनोबत माइक कुणाच्या हातात जाऊ देत नव्हते. गाडीवरचं कापड निघालं तशा शिट्ट्या सुरू झाल्या.

"ससाणा म्हणून आणलाय आणि बघतोय तर गावठी कोंबडी!" रंगराव म्हणाले. "अंडी तरी दील का?"

"नकटे, तोंड झाक!" मागून कुणीतरी ओरडलं.

इरावती कंपनीच्या माणसांत, खांबाआड उभी होती. सगळ्यांच्या कपाळाला पट्ट्या होत्या आणि मोठ्या पडद्यावर कौल दिसत होता. गंमत म्हणजे कोंबडी म्हणून ओरडणाऱ्या कितीतरी कपाळांतून पसंत येत होतं. नाव कुणाचंच दिसत नव्हतं, त्यामुळे ओरडायला सगळे मोकळे. आकडा अर्ध्यावर येऊन थांबला. राहिला फक्त अध्यक्षांचा मानाचा कौल, आणि ज्या बाजूला तो, त्या बाजूला निकाल.

धैर्यशीलने खुर्ची गाडीजवळ नेली. अण्णांनी डावा हात उचलून त्या आखूड नाकावर ठेवला. बोटं हळूहळू वर सरकली, दिव्यापर्यंत आली आणि थांबली. दिवे अर्धवट मिटलेले होते. अण्णांनी त्या पापणीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग त्यांची मान गर्रकन वळली आणि ते माणसांत कुणालातरी शोधू लागले.

"भंगार?" ते म्हणाले. "भंगार!"

ते इरावतीला हाक मारत होते. शटर ओढल्यावरची हाक, पहिल्यांदाच चारचौघांत, आणि त्या हाकेचा अर्थ साऱ्या माळावर तिला एकटीला कळत होता. इरावती धावली. तिला पाहिल्यावर अण्णांचा चेहरा खुलला, निम्माच, कारण निम्मा चेहरा हलत नव्हता.

"भंगार!"

पडद्यावर अण्णांचा कौल उमटला. नापसंत, शंभरातले अठ्ठ्याण्णव. मंडपात एकच जल्लोष झाला, जणू कुस्ती मारली.

"थांबा!" इरावतीने रंगरावांच्या हातून माइक ओढला. "ही गाडी मी केलीय. मी इरावती चौगुले. अण्णांना आवडलीय ती. त्यांना एवढाच शब्द येतो आता. ते आवडलेल्या सगळ्यालाच भंगार म्हणतात. यंत्राचा सूर उलटा लागलाय!"

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा मंडप हसला.

"पोरी," रंगराव म्हणाले, "आमची हयात गेली त्यो शब्द ऐकण्यात. तू आम्हास्नी त्याचा अर्थ शिकवतीस व्हय? बापाच्या गाडीचं नाक कापलंस आणि आता बापालाच खोटं पाडतीस?"

"दादा," इरावती भावाकडे वळली. "तू घरी असतोस. चहा हवा असला की अण्णा काय म्हणतात, सांग यांना. तेवढंच सांग."

धैर्यशीलने मंडपाकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर अध्यक्षांचे वर्षभराचे सगळे निकाल पाण्यात गेले असते, आणि उद्यापासून त्याच्या बापाला लोकांनी बिचारा म्हटलं असतं. त्याने बहिणीकडे पाहायचं टाळलं.

"अण्णा चहाला चहा म्हणत्यात," तो म्हणाला.

अण्णांनी ते ऐकलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली, डावा हात खुर्चीवर आपटला, आणि जिवाच्या आकांताने जे सांगायचं होतं ते सांगितलं. भंगार! भंगार! भंगार! दरवेळी जास्त मोठ्याने, दरवेळी जास्त रडवेले. मंडळाने त्याच तालावर टाळ्या धरल्या. थोड्याच वेळात सगळा माळ अण्णांच्या मागून तोच शब्द ओरडत होता, आणि तो इरावतीच्या तोंडावर आदळत होता.

दुसऱ्या दिवशी ती दांडेकरांपुढे बसली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सूर लावतानाची चित्रफीत उघडली, जिलेबीपासून पाहत गेले, आणि अण्णांच्या बायकोच्या फोटोपाशी थांबले. अण्णा रडत होते. बाजूला लिहिलं होतं, नापसंत. दांडेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग दुरुस्त करा. पुन्हा कौल घ्या."

"इरावती, लागलेला कौल पुन्हा लावत नाहीत. देवळातही नाही." स्वतःच्याच वाक्याची त्यांना लाज वाटली असावी, कारण पुढचं ते खाली बघून बोलले. "जुन्या नाकाची मागणी रात्रीतूनच यायला लागलीय. मंडळाने गाडी मारली, मंडळानेच वाचवली, अशी गोष्ट झालीय आता. आणि एक कौल चुकला म्हणून बाहेर कळलं, तर आजवरच्या सगळ्याच कौलांवर बोट ठेवलं जाईल. एका माणसासाठी ते करता येणार नाही."

"तो एक माणूस माझा बाप आहे."

दांडेकरांनी चित्रफीत बंद केली. इरावतीने त्याच दुपारी नोकरी सोडली. कुणी अडवलं नाही.

पहिला जुन्या नाकाचा, मैदानात पळवण्यापुरता ससाणा तयार झाला तेव्हा कंपनीने तो मानाने अण्णांच्या दारात आणला. हुबेहूब नक्कल होती, फायबरची. अण्णांनी एकदा पाहिलं, ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. कपाळावरच्या पट्टीने पसंत दाखवलं. रंगरावांनी गल्लीत पेढे वाटले.

"वरनं रुसलाय म्हातारा," ते सांगत सुटले, "पण आतनं लई खूश हाय. तोंडावर जाऊ नका, यंत्र काय म्हणतंय त्ये बघा."

त्याच समारंभात कंपनीने अण्णांना भेट दिली. घरी वापरायची, बोलणारी पट्टी. मनातलं ओळखून ती मोठ्याने सांगायची, तेही अण्णांच्याच आवाजात, जुन्या भाषणांवरून जुळवलेल्या. सूर तोच, आधी लावलेला. तो बदलणं म्हणजे चूक कबूल करणं, म्हणून दांडेकरांनी काहीही न बदलता सही केली होती.

दिवाळीच्या आधी इरावती घरी आली. माळावरच्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच येत होती. अण्णा निम्मे झाले होते. बाजूला दुधी भोपळ्याच्या रसाचा भरलेला पेला होता, आणि दुधी त्यांनी जन्मात कधी तोंडाला लावला नव्हता.

"रोज मागत्यात," धैर्यशील म्हणाला. "चहा मात्र अजिबात नको म्हणत्यात. सोडलाच त्यांनी."

"दादा, तुला ठाऊक आहे."

"मला काय ठाऊक हाय?" त्याचा आवाज चढला. "मी आपला अंदाज बांधत होतो, इरा. आपण सगळेच बांधत होतो. ह्ये आतलं वाचतंय. मोठ्या मोठ्या डॉक्टरांनी बनवलंय." माळावर एक वाक्य बोलून गेल्यावर त्याला ते खरं मानणं भाग होतं, आणि आता त्याने ते पुरतं मानलं होतं. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

इरावती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. अण्णांनी डोळे उघडले. तिला पाहिलं आणि त्यांचा डावा हात वर आला.

"भंगार," ते अगदी हळू म्हणाले.

"नको," पट्टी म्हणाली. खणखणीत, आजाराआधीच्या अण्णांचा आवाज. "हिला नको."

अण्णा दचकले. हात तसाच हवेत राहिला. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि इरावतीला दिसलं की त्यांना सगळं समजतंय, कधीपासूनच समजलेलं आहे. इरावतीने पट्टीकडे हात नेला तसं धैर्यशीलने तिचं मनगट धरलं.

"हात लावू नको. बाप बोलालाय माझा."

तेव्हा अण्णांनी एक गोष्ट केली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. पोरीवरची नजर ओढून काढली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. यंत्राला काय आवडतं ते इतक्या महिन्यांत त्यांनी हेरलं होतं. दुधी समोर आला की जे आपोआप व्हायचं, ते आता ते मुद्दाम करत होते. मुलीला घरात ठेवायचं तर त्यांना तिचा मनापासून तिटकारा यायला हवा होता, आणि तो आणण्यासाठी म्हातारा डोळे मिटून, घामाघूम होऊन, सगळं बळ लावत होता. मानेच्या शिरा ताठ झाल्या. इरावती पट्टीकडे बघत राहिली.

"नको," भिंतीकडे वळलेल्या कपाळावरची पट्टी अण्णांच्या आवाजात म्हणाली. "नको. नको."

धैर्यशीलने दार उघडून धरलं. "चल इरा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "त्यांना तरास होतोय."